'लव्ह इज ब्लाइंड'चे नववे पर्व निराशाजनक का वाटले? एकही लग्न झाले नाही म्हणून का?

तुमच्या प्रश्नातच एक उत्तर दडलेले आहे, आणि बहुतेकांनी तेच उचलले आहे. जोडीदार शोधण्याच्या या नेटफ्लिक्सवरच्या कार्यक्रमाच्या, ऑक्टोबर 2025 मध्ये आलेल्या डेन्व्हरच्या पर्वात एकही जोडपे विवाहबद्ध झाले नाही, आणि अमेरिकी आवृत्तीत असे प्रथमच घडले. तरीही माझी निराशा त्यामुळे झालेली नाही. 2022 च्या शिकागोच्या पर्वात दोन लग्ने लागली आणि दोन्ही त्याच वर्षी मोडली, पण ते पर्व मी रात्री जागून पाहिले होते. लग्नांचा आकडाच महत्त्वाचा असता, तर मी हा कार्यक्रम कशाला पाहिला असता? आमच्या बेळगावात तुळशीचे लग्न झाले की एकेका दिवशी तीन-तीन ठिकाणी अक्षता टाकायला जावे लागते.

हा कार्यक्रम ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. स्त्री-पुरुष दहाएक दिवस 'पॉड' नावाच्या वेगवेगळ्या खोल्यांत बसून मधल्या भिंतीआडून बोलतात. एकमेकांना पाहायचे नाही, फोन जवळ ठेवायचा नाही, फक्त बोलायचे आणि हवे तर वहीत टिपून ठेवायचे. बोलण्यातूनच मन बसले, तर न पाहता लग्नाची मागणी घालायची, आणि होकार मिळाला की प्रथम भेट. पुढे एकत्र सहल, काही आठवडे एका घरात राहणे आणि शेवटी लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर होकार किंवा नकार. विजेता कोणी नाही, बक्षिसाची रक्कमही नाही.

आमच्याकडच्या सोयरिकीच्या हे अगदी उलटे आहे. चंदगड, खानापूर, बेळगाव या पट्ट्यात आधी पाहणे होते आणि मग बोलणी, तीही मुलगा आणि मुलगी सोडून बाकी सगळ्यांची. माझ्या आत्याने आजवर अशा कितीतरी सोयरिकी जुळवल्या आहेत. राज्याची हद्द मध्ये आली म्हणून तिची एकही बैठक अडली नाही. त्यामुळे "न पाहता नुसते बोलतात" एवढे ऐकूनच तिचे कुतूहल जागे झाले, आणि नववे पर्व आम्ही दोघींनी बरोबर पाहिले. ती सुपात तांदूळ निवडत बसे आणि मी मराठीत अर्थ सांगत असे.

दुसऱ्याच दिवशी तिने विचारले, "त्या सोनेरी पेल्यात किती आहे, ते का दिसत नाही गं?" इतकी पर्वे पाहूनही माझ्या मनात हा प्रश्न कधी आला नव्हता. कार्यक्रमात सगळे ज्यातून पितात, ते पेले धातूचे आहेत. काचेचा ग्लास असता, तर एका वाक्याला अर्धा भरलेला आणि पुढच्याच वाक्याला रिकामा दिसला असता, आणि संवाद मधून कापला आहे हे कोणाच्याही ध्यानात आले असते. या पेल्यांमुळे तासाभराच्या बोलण्यातली कोणतीही दोन वाक्ये शेजारी ठेवता येतात.

माझी खरी तक्रार या कापाकापीबद्दलच आहे. कात्री पहिल्या पर्वातही चाललीच असणार, पण तेव्हा लॉरेन आणि कॅमेरन या जोडीची जवळीक वाढत जाताना आम्हा प्रेक्षकांना ऐकू येत होती. ती कृष्णवर्णीय, तो गोरा. हा विषय भिंतीआडच निघाला, आणि पुढे तिच्या वडिलांनी कॅमेरनला जे रोखठोक प्रश्न विचारले, त्यांचे वजन आम्हाला कळले, कारण त्यामागचे बोलणे आम्ही आधी ऐकलेले होते. नवव्या पर्वात मात्र दोन-चार वाक्यांत प्रेम जमले, लगेच मागणी आली, आणि जो वेळ पॉडमधल्या गप्पांना मिळायला हवा होता तो नंतरच्या कुरबुरींना आणि पार्टीतल्या कानगोष्टींना मिळाला. मांडवात नकार आला तेव्हा आत्याने सूप बाजूला ठेवले आणि विचारले, "पण हिने नाही का म्हटलं?" सगळे भाग लक्ष देऊन पाहिलेले असूनही मला तिला धड कारण सांगता आले नाही. होकारामागचे कारण एक वेळ कळले नाही तरी चालते, माणूस आनंदात ते विसरतो. नकारामागचे कारण कळले नाही, तर इतके तास आपण काय पाहत होतो असे वाटते.

सगळा दोष संकलनावर टाकणेही बरोबर नाही. पहिल्या पर्वातल्या लोकांसमोर कोणताही नमुना नव्हता. लॉरेन आणि कॅमेरन यांचे लग्न नोव्हेंबर 2018 मध्ये झाले आणि कार्यक्रम आला फेब्रुवारी 2020 मध्ये. सव्वा वर्ष त्यांनी ते लग्न गुपित ठेवले. आता जे येतात ते आधीची पर्वे पाहून येतात. कोणत्या वाक्याची चित्रफीत सगळीकडे फिरते आणि कोणाच्या वाट्याला शिव्याशाप येतात, हे त्यांना पाठ असते, म्हणून बोलणे जपून होते. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी पोह्यांची ताटली घेऊन बाहेर येताना जशी पाऊल मोजून टाकते, तसेच हे. या वाक्यावर आत्या रागावेल, पण मला तरी तसेच वाटले.

तेव्हा हे पर्व पाहावे का, असे विचाराल तर पहिले काही भाग पाहा आणि पुढचे सोडून द्या. त्याऐवजी 2022 ची जपानी आवृत्ती घ्या. तिथली माणसे हळू बोलतात, बराच वेळ गप्प राहतात, आणि नाते तोडतानाही समोरच्याला कारण सांगतात. आम्ही ती आता सुरू केली आहे. उपशीर्षके वाचून आत्याला अर्थ सांगण्यासाठी मला दर मिनिटाला चित्र थांबवावे लागते, आणि तेवढ्यात तिचे तांदूळ निवडून होतात. काल तिने प्रथमच स्वतःहून सांगितले, "थांब, तो आता काय म्हणाला ते परत लाव."