वाचक विचारतात : पोलिसांच्या गाडीतील समुपदेशक

प्रश्न : आमची मुलगी व जावई अमेरिकेतील डेन्व्हर शहरात राहतात. आम्ही त्यांच्याकडे असताना एका रात्री शेजारच्या इमारतीतील एक तरुण जिन्यात उभा राहून ओरडू लागला. आपल्या घरात कोणीतरी शिरले आहे, असे त्याचे म्हणणे होते. ९११ क्रमांकावर फोन गेल्यावर जो पोलीस आला, त्याच्याबरोबर साध्या कपड्यांवर संरक्षक जाकीट घातलेली एक तरुणी होती. पोलीस मागे थांबला आणि बोलण्याचे सारे काम तिनेच केले. बेड्या घालण्याची वेळच आली नाही. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि त्याच्यासाठी पोलिसांना बोलावण्याची आम्हांला धास्तीच वाटते. ही पद्धत काय आहे आणि आपल्याकडे अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ती तरुणी बहुधा मानसिक आरोग्य संस्थेतील प्रशिक्षित समुपदेशक असावी. डेन्व्हरमध्ये २०१६ पासून पोलीस आणि अशा तज्ज्ञांची जोडी एकत्र घटनास्थळी जाते. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी अशी पथके १९९३ मध्येच सुरू केली होती. त्याआधी, १९८७ मध्ये मेम्फिस शहरात मानसिकदृष्ट्या अस्वस्थ असलेला, हातात चाकू घेतलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला आणि त्यानंतर तेथे निवडक पोलिसांना ४० तासांचे खास प्रशिक्षण देण्याची प्रथा पडली. मात्र प्रशिक्षित पोलीस झाला तरी तो पोलीसच असतो. गणवेश, शस्त्र आणि चढ्या आवाजातले तुटक हुकूम यांवर त्याचे काम उभे असते. ज्याच्या कानात आधीच भासाचे आवाज घुमत आहेत त्याला तो हुकूम नीट कळत नाही, आणि हुकूम न पाळणे म्हणजे प्रतिकार, असा अर्थ लावला गेला की प्रकरण हातघाईवर येते.

जोडीतील कामाची वाटणी याच ठिकाणी उपयोगी पडते. जागा सुरक्षित आहे, हाती शस्त्र नाही, एवढे पाहून पोलीस मागे सरतो. बिनतारी संचाचा आवाज कमी केला जातो आणि बोलणारे माणूस एकच राहते. समुपदेशक ‘घरात कोणी नाही’ असा वाद घालत नाही, ‘हो, आहे’ असेही म्हणत नाही. ‘तुम्हांला फार भीती वाटत असणार’ एवढेच म्हणून शेवटची झोप कधी झाली, जेवण झाले का, गोळ्या कधीपासून बंद आहेत, हे एकेक करून विचारते. या उत्तरांवरून रुग्णाला घरीच ठेवून दुसऱ्या दिवशीची भेट ठरवावी की रुग्णालयात न्यावे, याचा अंदाज बांधता येतो. स्वतःला किंवा इतरांना धोका असेल, तर डेन्व्हर ज्या राज्यात आहे त्या कोलोरॅडोच्या कायद्यानुसार तपासणीसाठी ७२ तासांपर्यंत ठेवून घेता येते.

डेन्व्हरने पुढे जून २०२० मध्ये आणखी एक पाऊल टाकले. जिथे हिंसेची शक्यता नाही, तिथे पोलिसाविना केवळ समुपदेशक आणि वैद्यकीय मदतनीस यांची गाडी जाऊ लागली. पहिल्या सहा महिन्यांत ती ७४८ प्रसंगी गेली आणि त्यांतून एकही अटक झाली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ती गाडी फिरत असलेल्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. तरीही जोडीच्या पद्धतीचे गोडवे गाताना हात आखडता घ्यावा, असे मला वाटते. तज्ज्ञ माणसे मोजकीच असल्यामुळे प्रत्येक पाळीला जोडी मिळत नाही. पुष्कळदा आधी नुसते पोलीस पोहोचतात आणि जोडी मागाहून येते. शिवाय रुग्णालयात खाट नसेल, तर दारात कितीही गोड बोलणे झाले तरी रुग्ण फिरून तिथेच येतो.

महत्त्व गाडीला नाही. रुग्णाचे काय करायचे हे ठरण्यापूर्वी जाणकाराचे मत पोलिसापर्यंत पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे. इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१७ पासून, रुग्णाला कायद्याने ताब्यात घेण्यापूर्वी शक्य असेल तिथे आरोग्य व्यावसायिकाचा सल्ला घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि तो फोनवरही घेता येतो. आपल्याकडे जोडीची पद्धत रुळलेली नाही. परंतु ११२ च्या नियंत्रण कक्षातून ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर सल्ला घेण्याचा शिरस्ता पडला, तर त्याला नवी गाडी लागणार नाही.

आपल्या भावाविषयी. मानसिक आरोग्य काळजी कायदा, २०१७ यातील कलम १०० प्रमाणे पोलिसांनी संरक्षणाखाली घेतलेल्या मनोरुग्णाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. लवकरात लवकर, आणि फार तर २४ तासांच्या आत, त्याला जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कलम ९४ नुसार रुग्णाच्या जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांबाबत आपल्या बाजूने बोलण्यासाठी रुग्णाने लेखी नेमलेली व्यक्ती, उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यावी लागते, आणि या उपचारांत रुग्णालयापर्यंत नेणेही येते. म्हणून भाऊ बरा असतानाच, त्याच्याच इच्छेने, त्याच्याकडून साध्या कागदावर आपले किंवा त्याचा विश्वास असलेल्या अन्य व्यक्तीचे नाव प्रतिनिधी म्हणून लिहून, सही करून घ्यावे.

त्रास वाढू लागल्याचे दिसताच प्रथम त्याच्या डॉक्टरांना किंवा १४४१६ वर फोन करावा. पोलिसांना बोलावण्याची वेळ आलीच, तर ११२ वर ‘मारामारी चालू आहे’ असे न सांगता ‘मानसिक आजाराचा रुग्ण आहे, अमुक आजार आहे, हातात काही नाही’ (किंवा असल्यास काय आहे ते) असे सांगावे. पोलीस आले की औषधांची चिठ्ठी आणि प्रतिनिधी नेमल्याचा कागद घेऊन घरातील एकानेच बाहेर जावे आणि भावाला कोणत्या नावाने हाक मारली की तो ऐकतो, हेही त्यांना सांगावे.