चीनमधल्या गुइलिन शहरातून ली नदीची क्रूझ एका दिवसात होते का? गाईड घ्यावा का?

होते, अगदी आरामात. आणि पहिल्यांदाच जात असाल तर गाईड जरूर घ्या. बोट यांगश्वो या गावापर्यंत प्रवाहाबरोबर जाते, साधारण चार तास लागतात. परत मात्र रस्त्याने यावं लागतं. धक्का शहराबाहेर आहे. तिकीट, तिथवरची गाडी, परतीची बस, हे सगळं गाईड बघतो.

वाटेतला यांगदी ते शिंगपिंग हा टप्पा खिडकीतून बघू नका, वरच्या डेकवर उभे राहा. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात चुनखडीचा दगड लाखो वर्षं विरघळत गेला आणि नदीकाठच्या डोंगरांचे हे सुटे सुटे सुळके उरले. शिंगपिंगजवळचा देखावा चीनच्या २० युआनच्या नोटेमागे छापलेला आहे. नोट हातात धरून समोरचे डोंगर जुळवून बघा, फार आनंद होतो! जेवण त्यासाठी थोडं लांबलं तरी चालेल.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा, तरी सोबत दशम्या-चटणी असू द्या. हिवाळ्यात पाणी उतरतं, म्हणून एप्रिल ते ऑक्टोबर बरा. रिमझिम पाऊस असेल तर बेत रद्द करू नका. ढगांत अर्धे बुडालेले सुळके मला उन्हातल्यापेक्षा जास्त आवडतात.