जावा २४ मध्ये सिक्युरिटी मॅनेजर बंद: प्लगइनला फाइलींपासून कसं रोखायचं?

ग्राहकांनी लिहिलेले प्लगइन तुम्ही मुख्य सर्व्हरच्याच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) चालवता आणि जावा २४ टाकल्यावर सर्व्हर सुरूच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सिक्युरिटी मॅनेजर, म्हणजे कोडला फाइली-नेटवर्क वापरण्यापासून रोखणारी जावाची सोय, २०२१ मध्ये, जावा १७ पासूनच, जाण्याच्या वाटेवर होता. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये तो कायमचा बंद झाला. स्टार्टअप कमांडमध्ये तो चालू करण्याचा पर्याय राहिला असेल, तर जेव्हीएम एरर देऊन तिथेच थांबतो. पर्याय काढलात की सर्व्हर चालेल, पण प्लगइनला मोकळं रान मिळेल. वेगळा क्लासलोडर (जावाचे क्लास मेमरीत आणणारा भाग) इथे कामाचा नाही. फाइल उघडण्यापासून तो कुणालाच अडवत नाही.

प्लगइनसाठी वेगळा जेव्हीएम चालवा, आणि तोही वेगळ्या लिनक्स यूजरखाली. यूजर एकच ठेवलात तर प्लगइन प्रॉक फाइलसिस्टिममधून (लिनक्स जिथे चालू प्रोसेसची माहिती दाखवतं) मुख्य सर्व्हरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचू शकतो. डेटाबेसचा पासवर्ड तिथे असेल तर तोही गेला.

बाकीचं काम सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिस फाइलमध्ये होतं. 'प्रोटेक्टसिस्टम' स्ट्रिक्ट ठेवा, पण इथेच बहुतेक जण फसतात: त्याने लिहिणं थांबतं, वाचणं नाही. गुप्त फाइलींना ०६०० परवानगी (फक्त मालक यूजरला वाचता-लिहिता येईल अशी) द्या आणि त्यांचे फोल्डर 'इनॲक्सेसिबलपाथ्स'मध्ये घाला. 'प्रायव्हेटनेटवर्क' चालू केलं की बाहेरचं नेटवर्क तुटतं, तरी फाइल-पाथवरचा युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसना जोडणारा दुवा) चालतो. मुख्य सर्व्हरशी बोलायला तेवढा पुरे. 'मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट' मात्र लावू नका. जेव्हीएममधल्या जेआयटी कंपायलरला चालताचालता मशीन कोड तयार करावा लागतो, त्यामुळे जेव्हीएम कोसळतो. मेमरीची मर्यादा ५१२ एमबी असेल तर हीप (जावाचे ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी) २५६ एमबीवर ठेवा. थ्रेड, मेटास्पेस (क्लासच्या माहितीची मेमरी) यांनाही जागा लागते.

सॉकेटवरून जेसन (साध्या मजकुरातला डेटा) पाठवा. जावाचं सीरियलायझेशन (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून पाठवणं) वापरलंत, तर प्लगइनने पाठवलेला ऑब्जेक्ट मुख्य सर्व्हरमध्ये उघडताना प्लगइनला हवा तो कोड तिथे चालू शकतो, मग वेगळ्या प्रोसेसचा उपयोग काय? प्लगइनने फाइल मागितली तर पाथ तपासत बसण्यापेक्षा ठरावीक आयडी घ्या आणि मजकूर तुम्हीच वाचून द्या. पाथ घ्यावाच लागला तर आधी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारे शॉर्टकट) सोडवून खरा पाथ काढा आणि तुलना स्ट्रिंगची नको, पाथ ऑब्जेक्टची करा. नाहीतर 'डेटा' फोल्डरची परवानगी 'डेटा-गुप्त'लाही लागू होते.

शेवटी एक चाचणी प्लगइन लिहा: गुप्त फाइल वाचणारा, बाहेर कनेक्शन उघडणारा, सर्व्हरच्या फोल्डरमध्ये लिहिणारा. तिन्ही प्रयत्न फसले तरच ग्राहकांचे प्लगइन चढवा, आणि सर्व्हिस फाइल बदलली की ही चाचणी पुन्हा चालवा.