वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या सरावासाठी बॅट निवडताना

प्रश्न : मी नागपुरातील रविनगर भागातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. तेरा ते सोळा वयाच्या अठरा मुलांना बेसबॉल शिकवतो. शाळेकडे सॉफ्टबॉलच्या दोन जुन्या अॅल्युमिनियम बॅट आहेत. त्यांपैकीच एकीने मी मुलांना क्षेत्ररक्षणासाठी चेंडू मारून देतो. अर्ध्या तासातच खांदा भरून येतो आणि चेंडूही हव्या त्या जागी जात नाही. सीताबर्डीतील एका दुकानदाराच्या मते एकाच चांगल्या बॅटने फलंदाजीचा आणि क्षेत्ररक्षणाचा असा दोन्ही सराव होतो. शाळेने यंदा तीन बॅटपुरते पैसे मंजूर केले आहेत. ते कसे खर्चावेत?

उत्तर : दुकानदाराचा सल्ला त्याच्या दृष्टीने सोयीचा असला तरी आपल्या खांद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे. मंजूर झालेल्या तीन बॅटपैकी पहिली बॅट मुलांसाठी न घेता स्वतःसाठी घ्यावी, आणि ती ‘फंगो’ असावी.

फंगो ही केवळ प्रशिक्षकाची बॅट आहे. लांबी साधारण ३३ ते ३७ इंच, बॅरल (चेंडू लागतो तो पुढचा जाड भाग) नेहमीच्या बॅटपेक्षा बारीक आणि वजन बहुधा ६०० ते ६५० ग्रॅमच्या आसपास. सामन्याची ३२ इंची बॅट सव्वाआठशे ग्रॅमपर्यंत भरते, म्हणजे फरक दोनशे ग्रॅमचा. ऐकायला तो किरकोळ वाटतो. मात्र क्षेत्ररक्षणाचा सराव देताना आपण काय करतो ते आठवून पाहावे. डाव्या हाताने चेंडू हवेत सोडायचा, तोवर बॅट एकट्या उजव्या हाताने खांद्यापाशी तोलून धरायची, मग दुसरा हात लावून फटका मारायचा. अठरा मुलांना प्रत्येकी दहा चेंडू दिले तरी ही कृती एकशे ऐंशी वेळा होते आणि दर वेळी काही क्षण बॅटचा सगळा भार एका मनगटावर नि एका खांद्यावर येतो. आपला खांदा भरून येण्याचे मुख्य कारण हेच असावे. जोर कमी पडतो म्हणून तसे होते, अशी समजूत करून घेऊ नये.

फंगो लांब असते, कारण वजन कमी असूनही लांब दांड्यामुळे तिच्या टोकाला पुरेसा वेग मिळतो. शिवाय जमिनीलगतचा फटका मारताना कंबरेतून फार वाकावे लागत नाही. ती बारीक असली तरी चालते, कारण आपणच अलगद सोडलेल्या चेंडूला स्वतःचा वेग जवळजवळ नसतो. त्याच कारणामुळे साठ फूट सहा इंचांवरून पिचरने (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याने) टाकलेल्या चेंडूवर ती कधीही वापरू नये. ती पहिल्या काही चेंडूंतच मोडू शकते. मुले हा मोह आवरणार नाहीत, म्हणून दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळून ‘ही सरांची बॅट’ असे पहिल्याच दिवशी जाहीर करावे.

लांबी ठरवताना मुले कुठे उभी आहेत ते पाहावे. इनफिल्डमधील (मैदानाच्या आतल्या, बेसजवळच्या भागातील) मुलांना जमिनीवरून चेंडू द्यायचे असतील तर ३४ किंवा ३५ इंचांची बॅट ताब्यात राहते. आउटफिल्डला (मैदानाच्या बाहेरच्या भागात) उंच झेल देण्यासाठी ३६ किंवा ३७ इंचांची बरी पडते. एकच घेणे शक्य असल्यामुळे ३५ इंचांची घ्यावी. ती लाकडीच असावी, असे माझे मत आहे. अॅल्युमिनियमची फंगो जास्त टिकते हे खरे. तथापि तिच्यावरून चेंडू उसळून निघतो आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षकाच्या) डावीकडे एका पावलावर चेंडू टाकायचा म्हटले तर तो नेमकेपणा तिच्याने साधत नाही. नागपुरातील मुरमाची मैदाने उन्हाळ्यात दगडासारखी टणक होतात आणि चेंडूची उसळी मुळातच बेभरवशाची असते. अशा जमिनीवर प्रशिक्षकाचा फटकाही बेभरवशाचा असेल, तर मुले क्षेत्ररक्षण शिकण्याऐवजी चेंडूला घाबरायला शिकतात.

आता मुलांच्या बॅटविषयी. जुन्या सॉफ्टबॉल बॅटने बेसबॉल मारणे ताबडतोब थांबवावे. सॉफ्टबॉलचा घेर बारा इंच असतो, बेसबॉलचा नऊ ते सव्वानऊ. लहान आणि कठीण चेंडूचा आघात कमी जागेवर एकवटतो, त्यामुळे सॉफ्टबॉलच्या बॅटचा पातळ पत्रा चेपतो आणि पुढे त्याला तडाही जातो. त्या दोन्ही बॅट टाकून मात्र देऊ नयेत. टीवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांडीवर) ठेवलेल्या टेनिसच्या चेंडूसाठी त्या आणखी काही वर्षे चालतील.

उरलेल्या दोन बॅटपैकी एक अॅल्युमिनियमची आणि एक लाकडी घ्यावी. धातूची बॅट निवडताना तिच्यावरील प्रमाणचिन्ह पाहावे. चेंडू किती उसळावा यावर मर्यादा घालणारे ‘बीबीकोर’ हे प्रमाण अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळात २०११ पासून आणि लहान मुलांसाठीचे ‘यूएसए बॅट’ हे प्रमाण २०१८ पासून लागू आहे. आपल्या मुलांना अमेरिकेत खेळायचे नसले, तरी असे चिन्ह असलेली बॅट खेळासाठीच बनवलेली आहे एवढी खात्री त्यावरून पटते. ही खात्री आपल्याकडे आवश्यक आहे, कारण बाजारात ‘बेसबॉल बॅट’ म्हणून जे विकले जाते, त्यातील बराच माल गाडीच्या आसनाखाली ठेवण्यासाठी घेतला जातो. त्यावर ना लांबी छापलेली असते, ना वजन, आणि त्याने कधी चेंडू मारला जाईल अशी बनवणाऱ्याचीही अपेक्षा नसते.

इंचातील लांबीतून औंसातील वजन वजा केले की जो आकडा उरतो, त्याला ‘ड्रॉप’ म्हणतात. ३१ इंचांची बॅट २६ औंसांची, म्हणजे सुमारे ७४० ग्रॅमची असेल, तर ड्रॉप पाच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना पाच ते आठ ड्रॉपची बॅट झेपते. सोळाव्या वर्षी तीनपर्यंत यावे. दुकानात मुलाला बॅट नॉबपाशी (दांड्याच्या शेवटच्या गोळ्यापाशी) एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ ठेवायला सांगावे. अर्ध्या मिनिटाच्या आत हात थरथरू लागला, तर ती बॅट त्याच्यासाठी जड आहे.

लाकडी बॅट घेण्यास शाळा कचरतात, कारण ती मोडते. मात्र धातूच्या बॅटवर चुकलेला फटकाही बऱ्यापैकी जातो, तर लाकडाच्या बॅटवर चेंडू दांड्याजवळ किंवा अगदी टोकाला लागला की हाताला झिणझिण्या येतात आणि चूक मुलाला जागच्या जागी कळते. मेपल किंवा अॅशची बॅट परवडत नसेल, तर बांबूच्या पट्ट्या दाबून केलेली बॅट घ्यावी. ती थोडी जड लागते, परंतु नवशिक्यांच्या हातात सहसा जास्त टिकते.

प्रश्न : माझा मुलगा पूर्वी क्रिकेट खेळत असे. सरावात जड बॅट वापरली की सामन्यात हलकी वाटते, असे म्हणून तो बेसबॉलच्या बॅटला लोखंडी कडे अडकवून फिरवतो. हे योग्य आहे काय? (एक पालक, मानकापूर)

उत्तर : कडे काढल्यावर बॅट हलकी ‘वाटते’ हे खरे, परंतु ती वेगाने फिरते असे नाही. याची मोजमापे झालेली आहेत आणि कडे लावून हात गरम केल्यानंतर लगेच मारलेल्या फटक्यांचा वेग बऱ्याचदा घटलेला आढळला आहे. कड्यामुळे बॅटचा तोल टोकाकडे सरकतो आणि शरीर त्या बदललेल्या तोलाशी जुळवून घेते. वजनाचा उपयोग करायचाच असेल, तर नेहमीच्या बॅटपेक्षा दहा-बारा टक्के जड आणि तितकीच हलकी अशा दोन बॅट आलटून पालटून वापराव्यात. त्यापलीकडे जाऊ नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला याहून अधिक लाभ अठरा ते बावीस इंचांच्या आखूड, एकहाती बॅटचा होतो. टीवरचा चेंडू आधी एका हाताने, मग दुसऱ्या हाताने मारल्यावर कोणता हात आळशी आहे ते पाच मिनिटांत उघडे पडते.

प्रश्न : आमच्या ओळखीचा एक सुतार लेथवर सागवानाची फंगो करून द्यायला तयार आहे. करून घ्यावी का? शिवाय माझी मेपलची बॅट आठवड्यातच तडकली. दोष लाकडाचा की माझा? (एक खेळाडू, धंतोली)

उत्तर : सागवान दारे-खिडक्यांसाठी उत्तम लाकूड आहे, कारण ते पाण्याने फुगत नाही आणि वाळवीला दाद देत नाही, आघात सोसणे हा मात्र त्याचा गुण नव्हे. आपल्या विदर्भात कुऱ्हाडीचा दांडा सागवानाचा करत नाहीत, धावड्याचा करतात, ते यामुळेच. मात्र धावडा इतका जड असतो की त्याची फंगो उचलताना पुन्हा खांद्याचाच प्रश्न उभा राहील. तरीही सुताराची हौस असेल, तर सरळ रेषांचे, गाठ नसलेले तुतीचे लाकूड मिळते का ते पाहावे. आपल्याकडे हॉकीच्या काठ्या त्याच्या होत असत. दांड्याच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत, तिरप्या गेल्या की तेथूनच तडा जातो.

मेपलच्या बॅटबाबत, बॅटवरचा बनवणाऱ्याचा शिक्का फटक्याच्या वेळी कुठे होता ते आठवावे. फटका मारताना तो आकाशाकडे किंवा जमिनीकडे असायला हवा. चेंडू त्यावर किंवा त्याच्या नेमक्या पाठीमागे लागला, तर बॅट तिच्या दुबळ्या बाजूने मार खाते. अॅशची मजबूत बाजू कडेच्या रेषांची आणि मेपलची सपाट रेषांची असल्यामुळे दोन्ही लाकडांवर शिक्का वेगवेगळ्या बाजूला छापलेला असतो, त्यामुळे रेषा मोजत बसण्याची गरज नाही, शिक्का पाहिला की पुरे.

प्रश्न : नागपूरच्या हवेत बॅटची काय काळजी घ्यावी?

उत्तर : मे महिन्यात लाकडी बॅट बंद मोटारीत किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवू नये, ती सुकून ठिसूळ होते. पावसाळ्यात ओला चेंडू तिच्यावर मारू नये, कारण पाणी प्यालेले चामडे जड होते. कंपोझिट (कार्बन तंतू आणि राळ यांची) बॅट असल्यास डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या सरावाला ती घरीच ठेवावी. साधारण पंधरा-सोळा अंशांखाली तिला तडा जाण्याची भीती असते आणि आपल्याकडे त्या दिवसांत सकाळी सहाला पारा त्याहून खाली असतो; नऊनंतर ऊन चढले की खुशाल काढावी.