लेकीनेही गलाईच करायची का?

विट्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात: "तीस वर्षं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, दुकान चालवलं. भट्टीची धग आणि तेजाबाची वाफ सोसली ती मुलांवर ही वेळ येऊ नये म्हणून. मुलगी केमिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते, औषध कारखान्यांतल्या वापरलेल्या कॅटलिस्टमधून (उत्प्रेरकातून) पॅलॅडियम हा मौल्यवान धातू परत मिळवण्याचं काम शिकायचंय. म्हणजे पुन्हा गलाईच ना? तिला आयटीकडे वळवावं का?"

नमस्कार. वळवू नका. तुमची काळजी रास्त आहे, पण लेकीने निवडलेलं काम तुमच्या भट्टीच्या बरंच अलीकडे सुरू होतं.

औषधनिर्मितीत हायड्रोजनच्या प्रक्रियेसाठी कॅटलिस्ट म्हणून कोळशाच्या बारीक भुकटीवर बसवलेलं पॅलॅडियम वापरतात, बहुधा ५ किंवा १० टक्क्यांचं. ५ टक्केवाल्या १०० किलो कोरड्या भुकटीत ५ किलो पॅलॅडियम असतं. त्यातला एक टक्का जरी निसटला तरी ५० ग्रॅम गेले. त्याची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. प्रक्रिया संपली की ही भुकटी द्रावणातून वेगळी काढायची आणि जमेल तितक्या वेळा पुन्हा वापरायची. गंधकासारख्या विषाने ती निकामी झाली की मगच कोळसा जाळणं, आम्लराजात (सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणात) विरघळवणं, म्हणजे तुमच्या ओळखीची कामं.

खरी मेख वेगळं काढण्यात आहे. ढवळणाऱ्या पंख्याच्या माराने कण फुटतात. कण निम्मा झाला की तो खाली बसायला चौपट वेळ लागतो, आणि अगदी बारीक कण फिल्टरच्या कापडातूनही जातात. तिथे सेंट्रिफ्यूज, म्हणजे जोरात फिरवून कण वेगळे काढणारं यंत्र, कामी येतं. दुधातून साय वेगळी काढणारं जे यंत्र स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांनी १८७८ मध्ये बनवलं, त्याचंच हे भावंड. ताटल्यांच्या सेंट्रिफ्यूजमध्ये कणावर गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट जोर लागतो. मात्र पॅलॅडियम द्रावणात विरघळून गेलं असेल, तर यंत्र कितीही फिरवा, ते हाती लागत नाही. त्यासाठी धातू धरून ठेवणारं रेझिन लागतं. मुलाखतीत हा फरक नीट सांगता येणारी मुलं मला फार थोडी भेटली आहेत.

आता धोक्याचं. मी ट्रेनी होतो तेव्हा एका कारखान्यात कुणीतरी फिल्टरचं काळं कापड घडी करून कठड्यावर ठेवलं. कापड वाळत गेलं आणि त्याच्या कडेने लाल रेघ सरकायला लागली. ज्वाळा नव्हती, नुसती रेघ. शेजारी मिथेनॉलचे ड्रम होते. वापरलेली भुकटी हायड्रोजन धरून असते, वाळली की हवेत आपोआप पेटते. म्हणून ती कायम पाण्याने ओली ठेवायची आणि सेंट्रिफ्यूज नायट्रोजनखाली, म्हणजे आत हवा येऊ न देता, चालवायचं. इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी तिने तिथल्या सेंट्रिफ्यूजला नायट्रोजनची व्यवस्था आहे का, हे विचारावं. उत्तर टाळलं तर ती जागा सोडावी. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

शिक्षणाचं थोडक्यात: गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी आणि एम.टेक.साठी मुंबईच्या आयसीटीचा (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) विचार करावा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकल्प मिळाला तर सोडू नये. कणांचा आकार मोजणं आणि आयसीपी या तपासणी यंत्रावर धातूचं प्रमाण काढणं हाताने शिकावं. वापरलेलं कॅटलिस्ट घातक कचऱ्यात मोडतं, त्यामुळे २०१६ चे नियमही वाचावेत.

आणि एक काम तुमच्याकडे. सुट्टीत ती घरी आली की तुमची जुनी वही काढा. माल किती आला, सोनं किती निघालं, घट किती आणि ती कुठे गेली असं तुम्हाला वाटलं, हे तिच्यासमोर मांडा. तिलाही रोज हाच हिशेब करायचा आहे: रिअ‍ॅक्टरमध्ये घातलेलं, सेंट्रिफ्यूजमधून निघालेलं आणि द्रावणातून निसटलेलं.