पारोळ्याहून निघते, एरंडोलच्या अलीकडे बंद पडते

प्रश्न : आप्पा, माझ्याकडे वडिलांची 1974 सालची बुलेट 350 आहे, सहा व्होल्टची. सकाळी दोन-तीन किकमध्ये सुरू होते. जळगावकडे निघालो की 15-20 किलोमीटरवर, एरंडोल यायच्या आत, फटफट करत बंद पडते. लिंबाखाली पाऊण तास उभी केली की पुन्हा सुरू. घरी आणून पाहिलं तर करंट चांगला येतो. प्लग बदलला, सी.बी. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) बदलले, कंडेन्सर दोनदा बदलला. आई म्हणते, ‘गाडी गरम व्हयनी का बंद पडस, ईकी टाक तिले.’ मला विकायची नाही. काय करू?
– एक वाचक, पारोळा

उत्तर : विकू नका, भाऊ. आणि आईचं म्हणणं नीट ऐका, अर्धं निदान त्यांनीच केलंय. गाडी गरम झाली की बंद पडते, आणि तुम्ही करंट बघता ती थंड झाल्यावर. तेव्हा दोष सापडणार कसा? तो रस्त्यावरच शोधायला हवा, गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत.

प्लग पाना, एक जादा प्लग, हातभर वायर, पॉलिश पेपर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), रबरी मुठीची पकड आणि पाण्याची बाटली एवढं पिशवीत घेऊन भर दुपारी मुद्दाम निघा. गाडी बंद पडली की सगळ्यात आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि मिनिटभरात गाडी सुरू झाली, तर करंटचा दोष नाहीच. झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, म्हणून पेट्रोल उतरत नाही. हुबेहूब अशीच लक्षणं दिसतात आणि माणूस उगाच कॉइल (बॅटरीच्या करंटपासून प्लगची ठिणगी तयार करणारी) बदलत बसतो.

तसं नसेल तर झाकण घट्ट लावा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि सावलीत या, कारण आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ठिणगी दिसतच नाही. प्लगची कॅप काढून वायरचं टोक रबरी मुठीच्या पकडीत धरा, इंजिनाच्या हेडवरच्या धातूच्या पंख्यांपासून पाच-सहा मिलिमीटर लांब, आणि दुसऱ्या कुणाला किक मारायला सांगा. निळी, कडक आवाजाची ठिणगी उडी मारून गेली पाहिजे. बारीक पिवळट दिसली किंवा दिसलीच नाही, तर पुढे चला. नुसता प्लग हेडला टेकवून पाहिलेल्या करंटवर माझा भरवसा नाही. मोकळ्या हवेत अशक्त करंटही उडतो, सिलिंडरमधल्या दाबाखाली मात्र विझतो.

आता बुलेटच्या अँपिअर मीटरकडे, म्हणजे बॅटरीत करंट येतो की जातो ते दाखवणाऱ्या काट्याकडे वळा. ही गाडी आपला आजार स्वतः सांगते, म्हणून माझा तिच्यावर जीव आहे. दिवा बंद ठेवा, किल्ली चालू करा, प्लग काढून किक हाताने हळूहळू दाबा. पॉइंट मिटले की काटा वजाकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावरून हलतच नसेल तर पॉइंटवर तेल-काजळी आहे किंवा वायर नाहीतर कॉइल आतून तुटलीय. वजाकडेच चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर गरम होऊन आतून अर्थ होतोय, म्हणजे करंट थेट इंजिनाच्या अंगात जातोय. पॉइंटचा गॅप पूर्ण उघडल्यावर 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवा.

काटा नीट हलतोय आणि तरी ठिणगी मेलेली असेल, तर कंडेन्सर आणि कॉइल हे दोघं संशयित उरतात. किक मारताना पॉइंटवर मोठी पांढरी ठिणगी भडकत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना करंट पटकन तुटावा हे त्याचं काम. तो तुटला नाही तर कॉइलमध्ये जोर तयार होत नाही. दोनदा बदललात म्हणून त्याला सोडून देऊ नका. डबीतून काढलेला कोरा कंडेन्सर पहिल्याच उन्हात गेलेला मी पाहिलाय. जुन्या जीपचा चांगला कंडेन्सर मिळाला तर सोबत ठेवा. आतल्याची वायर सोडवून हा बाहेरून पॉइंटच्या वायरला जोडा, त्याचं पत्र्याचं अंग इंजिनाला घट्ट टेकवा. तपासायला तेवढं पुरतं.

राहिली कॉइल. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना माझी स्वतःची गाडी मध्यावर अशीच बसली होती. पॉइंट स्वच्छ, काटा बरोबर, करंट शून्य, आणि कॉइलला हात लावला तर चटका. डोक्याचा रुमाल भिजवून फक्त कॉइलभोवती गुंडाळला, जिथून प्लगची वायर निघते त्या तोंडाकडे पाणी जाऊ दिलं नाही. दहा मिनिटांनी निळा करंट आला आणि गाडीने घाट चढवला. इंजीन तापलेलंच होतं, थंड झाली ती एकटी कॉइल, म्हणजे दोष तिचाच. तुमच्याकडेही असं झालं तर कॉइल बदला, पण सहा व्होल्टचीच घ्या. आणि गाडी उभी असताना किल्ली चालू ठेवण्याची सवय असेल तर आजच सोडा. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल जागच्या जागी भाजून निघते.

जुने काढलेले पॉइंट फेकले नसतील तर पुसून डब्यात ठेवा.

प्रश्न : माझ्या येझदीला किल्ली दाबल्यावर कधी करंट येतो, कधी नाही. किल्ली हलवली की येतो. बॅटरी नवी आहे.
– एक वाचक, शहादा

उत्तर : हेडलाइटवरचा किल्लीचा स्विच आतून गंजलाय. खात्री करायची तर बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून एक वायर, मध्ये फ्यूज घालून, थेट कॉइलच्या त्या टोकाला जोडा जिथे स्विचकडची वायर येते. गाडी लगेच सुरू झाली तर स्विच उघडून आतली पितळी पानं पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, ढिली असतील तर किंचित वाकवा. मात्र अशी थेट वायर जोडलेली असताना किल्ली काढून इंजीन बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल. ती रात्रभर तशीच राहिली तर सकाळी नवी बॅटरी मेलेली मिळू शकते.