कुणाचंच वकीलपत्र न घेतलेला अभ्यासक

प्रश्न : ताई, मी पाच वर्षांच्या लॉ कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात, आतापासून जेएमएफसीच्या, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेच्या तयारीला लाग, नाहीतर वकिलीत जम बसेपर्यंत म्हातारी होशील. मला वाचायला-लिहायला आवडतं, पण नुसती प्राध्यापकी करून लोकांच्या उपयोगी पडता येईल का, ही शंका आहे. आमच्या सरांनी शमनाद बशीर यांचं नाव सांगितलं, 'कायद्याचे अभ्यासक आणि सामाजिक उद्योजक' अशी ओळख करून दिली. ही दोन कामं एका माणसाला खरंच जमतात का? की परदेशी पदव्या होत्या म्हणून त्यांना जमलं?
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : सरांनी नाव अगदी योग्य सुचवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये बशीर गेले तेव्हा ते अवघे ४३ वर्षांचे होते, आणि आजही एखादा नवा पेटंट निकाल हातात आला की हे असते तर यावर काय म्हणाले असते, असं माझ्या मनात येतंच.

पदव्यांचं आधी बोलून घेऊ. मूळ गाव केरळच्या कोल्लम जिल्ह्यातलं. शिक्षण बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये, मग दिल्लीत बौद्धिक संपदेचं (पेटंट, कॉपीराइट वगैरेंचं) काम करणाऱ्या नावाजलेल्या फर्ममध्ये वकिली, मग ऑक्सफर्ड. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात काही काळ शिकवलंही. यादी भारदस्त आहे, नाकारत नाही. पण अशा याद्या असलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. २००८ मध्ये ते कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात बौद्धिक संपदा कायद्याचे प्राध्यापक झाले. तुझ्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे.

नोव्हार्टिस खटला तुम्हाला अभ्यासाला असेल. नोव्हार्टिस ही औषध कंपनी, रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक हे तिचं औषध. कंपनीला त्यातल्या इमॅटिनिब मेसिलेट या रसायनाच्या बीटा स्फटिक रूपावर पेटंट हवं होतं. पेटंट कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं कलम ३(ड) आलेलं : माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप आणलं म्हणून पेटंट मिळणार नाही, गुणकारकता वाढलेली दाखवावी लागेल. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला सरकार, भारतीय औषध कंपन्या आणि मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. सुप्रीम कोर्टानं या सगळ्यांबरोबर आणखी एका माणसाला ऐकून घेतलं, ते म्हणजे प्राध्यापक बशीर. एक अभ्यासक म्हणून त्यांनी हस्तक्षेप अर्ज केला होता. त्यांच्यामागे पक्षकार नव्हता, फी नव्हती.

१ एप्रिल २०१३ चा निकाल मिळव आणि 'गुणकारकता' या शब्दावरची चर्चा शोधून वाच. मी विद्यार्थ्यांना तेवढी पानं मोठ्यानं वाचायला लावते. रुग्णांच्या संस्थेतर्फे वकील आनंद ग्रोव्हर म्हणाले की गुणकारकता म्हणजे उपचारातली गुणकारकता, तिचा अर्थ ताणायचा नाही. बशीर म्हणाले की औषधाची सुरक्षितता वाढली, विषारीपणा लक्षणीय कमी झाला, तर तेही वाढलेल्या गुणकारकतेत धरायला हवं. म्हणजे पेटंटविरोधी समजल्या गेलेल्या माणसानं पेटंट मागणाऱ्यांच्या उपयोगी पडू शकेल असा अर्थ कोर्टापुढे ठेवला, कारण त्याच्या अभ्यासात त्याला तो बरोबर वाटत होता. या मुद्द्यावर कोर्टानं निर्णय दिला नाही, तो खुला ठेवला. पेटंट मात्र नाकारलं. माझ्या दृष्टीनं या माणसाची सगळी कारकीर्द त्या पानांवर दिसते. जिंकायच्या घाईत अभ्यासाला मुरड घालणं त्यांना मान्य नव्हतं.

आता दुसरं उदाहरण, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे मी जवळून बघितलंय. शिकवायला लागण्याआधी मी मुंबईत पेटंट एजंटच्या ऑफिसात काम करायचे. ३१ मार्च जवळ आला की फॉर्म २७ चे गठ्ठे टेबलावर येत. कलम १४६ आणि नियम १३१ खाली प्रत्येक पेटंटधारकानं दरवर्षी सांगायचं की त्याचा शोध भारतात वापरात आहे की नाही. जुन्या फॉर्मचं स्वरूप असं : 'वापरात आहे' किंवा 'वापरात नाही' यावर खूण. नसेल तर कारणं आणि पुढची पावलं. असेल तर माल किती, रुपयांत किंमत किती, त्यातला भारतात किती बनला, कुठल्या देशातून किती आला. कुणाला परवाने दिले. आणि शेवटी, रास्त दरात लोकांची गरज भागली का : अंशतः, पुरेशी की पूर्णपणे? क्लायंटकडे ही माहिती मागितली की 'नंतर कळवतो' असं उत्तर येई, आणि कळवणं काही होत नसे. माहिती न देणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद तेव्हा कायद्यात होती. दंड झाल्याचं आमच्या कुणाच्या ऐकिवात नव्हतं. अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात ही कामं करणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो एक सोपस्कार वाटायचा.

बशीर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी माहिती अधिकाराखाली हे फॉर्म मिळवले आणि बसून वाचले. कित्येक भरलेलेच नव्हते, कित्येक अर्धवट होते. असल्या कागदाचं एवढं काय, असं तुला वाटेल. मार्च २०१२ मध्ये भारतात पहिला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला औषध बनवू देणारा परवाना, दिला गेला तो आठव. मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायर कंपनीचं नेक्साव्हर हे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडायचं. परवान्यानंतर नॅटको या भारतीय कंपनीनं तेच औषध महिन्याला ८,८८० रुपयांत द्यायचं ठरलं. कंपनीनं देशात किती माल आणला, तो किती रुग्णांना पुरला, या प्रश्नांवर तो आदेश उभा आहे, आणि त्यात याच फॉर्ममधली माहिती कामी आली. फॉर्म कोरा राहिला की पुढच्या रुग्णाच्या हातातलं साधन गेलं.

म्हणून २०१५ मध्ये बशीर दिल्ली उच्च न्यायालयात गेले. याचिका तीन वर्षं चालली. सरकारला फॉर्ममध्ये सुधारणा करण्याचं वेळापत्रक द्यावं लागलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये नवा फॉर्म आला. तो बघायला बशीर नव्हते. खरं सांगायचं तर नव्या फॉर्मनं माझं समाधान झालेलं नाही. लोकांची गरज भागली का, हा रकाना त्यातून गेला, आणि २०२४ च्या नियमांनी दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा माहिती देण्याची मुभा दिली. यावर कुणीतरी नेटानं लिहायला हवं. तूही लिहू शकतेस.

आता सामाजिक उद्योजकतेकडे. २००५ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'स्पायसीआयपी' या ब्लॉगवर देशभरातले विद्यार्थी पेटंट-कॉपीराइटवर लिहायला शिकले. २०१० मध्ये 'आयडिया' ही संस्था आली. गरीब, ग्रामीण, अपंग, उपेक्षित समाजांतल्या मुलांना शोधायचं, क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेची तयारी करून घ्यायची, प्रवेश मिळाल्यावर फीची आणि राहण्या-जेवणाची सोय बघायची. शोधणारे आणि शिकवणारे बहुतेक लॉ कॉलेजचेच विद्यार्थी. वर्षाला दोन-तीन लाखांच्या घरात खर्च असलेल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत कोण पोचतं, हे वर्गात शिकवताना त्यांना रोज दिसत होतं. औषध कुणापर्यंत पोचतं आणि कायद्याचं शिक्षण कुणापर्यंत पोचतं, हे त्यांच्या लेखी एकाच जातीचे प्रश्न होते. २०१५ मध्येच त्यांनी क्लॅटविरुद्ध सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली : दरवर्षी नवं विद्यापीठ परीक्षा घेतं, प्रश्नपत्रिकेत चुका राहतात, फी परवडत नाही, तेव्हा कायमस्वरूपी यंत्रणा उभारा. पुढे विद्यापीठांचा संघ स्थापन झाला आणि आता परीक्षा तोच घेतो. २०१४ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मानव्यविद्या शाखेत मिळालं.

तेव्हा दोन्ही कामं एका माणसाला जमतात, पण ती वेगवेगळी धरली तर जमत नाहीत. एखादा प्रश्न धर आणि तो नेईल तिथे जा. कधी ग्रंथालयात, कधी माहिती अधिकाराच्या खिडकीवर, कधी कोर्टात.

व्यवहाराचंही बोलू. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करता येत नाही. उलट वकिलाला मात्र दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. तुला दोन्ही हवं असेल तर सुरुवात सनद घेऊन कर. जेएमएफसीची तयारी वाया जात नाही, प्रक्रिया कायदे पक्के होतात. घरच्यांशी त्यावरून भांडू नकोस. पण याच वर्षी एक फॉर्म, एक परिपत्रक, तुझ्या जिल्ह्यातला एखादा परवाना घे आणि तो प्रत्यक्षात कसा भरला जातो ते शोध. बशीरांचा फॉर्म २७ कुणी त्यांच्या हातात आणून दिला नव्हता.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दृष्टिहीन असूनही दहावीला उत्तम गुण मिळवले. तिला वकील व्हायचंय. शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. क्लॅट तिला झेपेल का? की नुसती आशा लावू नये?
— एक पालक, सांगोला

उत्तर : आशा जरूर लावा, आणि तयारी आजच सुरू करा.

अडचण डोळ्यांपेक्षा इंग्रजीची जास्त आहे. क्लॅट फक्त इंग्रजीत होते आणि सगळा भर लांब उतारे वाचून उत्तर देण्यावर असतो : १२० प्रश्न, दोन तास. दृष्टिहीन परीक्षार्थींना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण नियम दरवर्षीच्या सूचनेत नीट वाचा, कारण लेखनिकाबद्दलच्या अटी शेवटच्या आठवड्यात कळल्या तर धावपळ होते. तिला स्क्रीन रीडर वापरता येत असेल तर रोज एक इंग्रजी अग्रलेख ऐकायची सवय लावा. लेखनिकाबरोबर सराव मात्र वेगळा करावा लागेल. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला उतारा लक्षात ठेवून उत्तर सांगणं हे कौशल्य स्वतंत्र आहे, आणि ते सरावानंच येतं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानं सरकारी उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश क्लॅटवरच होतात.

वरच्या उत्तरात ज्या 'आयडिया'बद्दल लिहिलं, तिच्या मदतीनं दृष्टिहीन मुलंही विधी विद्यापीठांत गेली आहेत. संस्थेला आत्ताच लिहा, बारावीची वाट बघू नका. आणि राज्याची पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटीही द्यायला लावा. ती मराठीतूनही देता येते आणि तिच्यावर राज्यातली बाकीची लॉ कॉलेजं खुली होतात. मी दोन्ही परीक्षा द्यायला सांगते आहे, पण क्लॅट जमणार नाही असं गृहीत धरून नव्हे. तिच्यासमोर दोन दारं असावीत, एवढ्यासाठी.

प्रश्न : आमचं औषधांचं दुकान आहे. एखाद्या महागड्या औषधाचं पेटंट कधी संपणार, हे गिऱ्हाईक विचारतं. आम्हाला ते पाहता येतं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : येतं, आणि फुकट. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधाची सोय आहे. औषधाच्या ब्रँडनावानं शोधलंत तर बहुधा हाती काही लागणार नाही, रासायनिक नावानं किंवा कंपनीच्या नावानं शोधा. पेटंटची मुदत अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून २० वर्षं असते, मंजुरीच्या तारखेपासून नव्हे. हा फरक ध्यानात ठेवा. एका औषधावर अनेक पेटंटं असू शकतात, त्यामुळे मूळ रेणूचं कुठलं आणि नंतरच्या रूपाचं कुठलं, हे बघूनच गिऱ्हाइकाला सांगा. अर्जाची कागदपत्रं उघडलीत की त्यात बऱ्याचदा फॉर्म २७ ही सापडेल. माल भारतात बनतो की बाहेरून येतो, ते त्यातून कळतं.